'द लोलँड' वाचली, सुभाषबद्दल बोलायचंय (कथानक फुटेल, जपून)

किनारा (धागाकर्ती):

झुंपा लाहिरीची 'द लोलँड' परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून हा धागा काढतेय. पुढे सगळी गोष्ट येणार आहे, ज्यांना कोरी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबा.

पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक नवं होतं, २०१३ मध्ये, बुकरच्या अंतिम यादीत होतं म्हणून घेतलेलं. तेव्हा मला ती उदयनची गोष्ट वाटली होती. क्रांती, भिंतीवरच्या घोषणा, पोलिसांची गोळी, ते सगळं लख्ख लक्षात राहिलं आणि बाकीचं अमेरिकेतलं जरा कंटाळवाणं म्हणून मी भराभर उलटलं होतं. यावेळी नेमकं तेच वाचताना दोनदा पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कलकत्त्याच्या टॉलीगंजमध्ये राहणारे दोन भाऊ, सुभाष थोरला आणि उदयन धाकटा, पण अंतर जेमतेम १५ महिन्यांचं. आवाज इतका सारखा की एकाला हाक मारली तर दोघं ओ देतात. दोघं मिळून रेडिओ जोडतात, दोघं मिळून टॉली क्लबच्या भिंतीवरून उडी मारून गोल्फचं मैदान बघायला जातात, कल्पना उदयनची आणि पकडल्यावर पोलिसाचा मार बसतो तो सुभाषला. पुढे कॉलेजात उदयन नक्षलवादी चळवळीत जातो, सुभाष १९६९ च्या सुमारास ऱ्होड आयलंडला पीएचडीसाठी. १९७१ मध्ये तार येते, उदयनला मारलं, जमलं तर ये. हा घरी येतो तर उदयनची बायको गौरी पोटुशी आहे, पांढरी साडी, मासे बंद, जेवण वेगळं, आणि घरातल्यांचा विचार असा की मूल ठेवून घ्यावं आणि हिला जाऊ द्यावं. सुभाष तिच्याशी लग्न करतो आणि तिला अमेरिकेला घेऊन येतो. बेला जन्मते ती सुभाषची मुलगी म्हणून.

आता मला जे म्हणायचंय ते. आपल्याकडे भावाभावांच्या गोष्टीत नेहमी काय असतं, जो घर सोडून गेला तो स्वार्थी आणि जो राहिला त्याने सगळं सोसलं. मी पण असंच ऐकत मोठी झाले, आमच्या घरात बाबा राहिले आणि काका गेले, आणि प्रत्येक लग्नकार्यात हे कुठे ना कुठे निघायचंच. या पुस्तकात ते उलटं होतं. राहिलेला भाऊ घर मोडतो, म्हणजे त्याच्या हातून ते मोडतं, आणि गेलेला भाऊ परत येऊन जे उरलंय ते उचलतो, भावाची बायको, भावाचं मूल, भावाचं गुपित, सगळं. आणि तरी आईबापांच्या लेखी तो जणू आलेलाच नाही. तो इतक्या लांबून आलाय आणि आई त्याच्याजवळ बसून धड बोलत पण नाही, तो तिथेच उभा आहे आणि ती दुसऱ्यालाच शोधतेय, हे वाचताना मला काकांचा चेहरा आठवला. ते आजोबांच्या वेळी आले होते तेव्हाचा.

तर माझा प्रश्न असा आहे की सुभाषने बेलाला इतकी वर्षं खरं सांगितलं नाही, ती पस्तिशीला आली तेव्हा सांगितलं, हे तुम्हाला पटलं का? मला आधी पटलं नव्हतं. आता पटतंय असं नाही पण कळतंय.

ओंजळ:

धागा छान काढलास. पण सगळी सहानुभूती सुभाषला देऊन टाकू नकोस गं. मला हे पुस्तक गौरीचं वाटतं.

तिचं काय झालं बघ. तत्त्वज्ञान शिकणारी मुलगी, स्वतःच्या मनाने लग्न केलं, नवरा डोळ्यांसमोर मारला गेला, आणि त्यानंतर तिच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतला. सासूने ठरवलं तिने काय नेसायचं, सुभाषने ठरवलं तिला वाचवायचं. तिने कुठे म्हटलं होतं मला वाचव? अमेरिकेत आल्यावर ती केस कापते आणि साड्या कात्रीने फाडून टाकते तो प्रसंग आठव, सुभाष घाबरतो, पण मला ती त्या पानावर पहिल्यांदा जिवंत वाटली. मग ती वर्गात जाऊन मागे बसायला लागते, लेक्चर ऐकते, आणि तिथेच तिला कळतं की आपल्याला हेच हवं होतं. मूल तिला हवं होतं का हे कुणी विचारलं नाही. बेला १२ वर्षांची असताना ती पत्र लिहून ठेवून कॅलिफोर्नियाला निघून जाते, हे भयंकर आहे मान्य, पण हेच एखाद्या बापाने केलं असतं तर आपण त्याच्यावर इतकी पानं बोललो असतो का.

रात्रपाळी:

ओंजळ, बाप असता तरी बोललो असतोच, निदान मी तरी. पण ते बाजूला ठेवतो, मला आधी मागची पार्श्वभूमी लिहायची आहे कारण त्याशिवाय उदयन नुसता तापट पोरगा वाटतो आणि ते बरोबर नाही.

नक्षलबारी हे उत्तर बंगालमधल्या दार्जिलिंग जिल्ह्यातलं गाव, चहाचे मळे आणि जोतदारांच्या, म्हणजे मोठ्या जमीनमालकांच्या, जमिनी. १९६७ च्या मार्चमध्ये पश्चिम बंगालमध्ये पहिल्यांदा बिगर-काँग्रेसी संयुक्त आघाडीचं सरकार आलं, त्यात मार्क्सवादी पक्ष होता, ज्योती बसू उपमुख्यमंत्री. म्हणजे आपलं सरकार आलं असं वाटून कुळांनी जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. २४ मेला पोलीस गावात गेले तेव्हा बाण लागून एक इन्स्पेक्टर मेला आणि दुसऱ्या दिवशी, २५ मेला, पोलिसांनी गोळीबार केला त्यात ११ माणसं गेली, त्यातल्या जास्त करून बायका आणि २ मुलं. आपल्याच सरकारच्या पोलिसांनी. कलकत्त्याच्या कॉलेजातली पोरं पेटली ती यामुळे. प्रेसिडेन्सी कॉलेज त्याचं एक केंद्र होतं आणि कादंबरीतला उदयन तिथेच शिकतो हे उगाच नाही. पुढे २२ एप्रिल १९६९ ला, लेनिनच्या जन्मदिवशी, नक्षलवाद्यांचा नवा पक्ष स्थापन झाला आणि १ मेला त्यांच्यातल्याच कनू सन्यालने कलकत्त्याच्या मैदानावर जाहीर केला. नेते चारू मजुमदार. आणि मग त्यांची ती 'खतम'ची लाइन आली, वर्गशत्रूला एकेकटा गाठून मारायचं. शहरात आल्यावर तो वर्गशत्रू म्हणजे कोण, तर रस्त्यावरचा साधा ट्रॅफिक पोलीस. पुतळे फोडले, शाळा जाळल्या, आणि १९७१ पर्यंत सरकारने इतकं निर्घृणपणे चिरडलं की पोरांना घरातून उचलून गल्लीत गोळ्या घालत होते, ऑगस्ट १९७१ मध्ये काशीपूर-बारानगरला जे झालं ते तर अजून बंगालमध्ये विसरलेले नाहीत. चारू मजुमदार २८ जुलै १९७२ ला कोठडीतच वारले.

लाहिरीने मुलाखतीत सांगितलंय की हे बीज तिला टॉलीगंजमध्येच मिळालं, तिच्या आजोबांच्या घराजवळ दोन भावांना घरच्यांसमोर मारलं होतं. कादंबरीत तिने एकालाच मारलं आणि दुसऱ्याला जगवलं. माझ्या मते संपूर्ण पुस्तक या एका बदलात आहे.

आणि टॉलीगंजबद्दल एक. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी तो सगळा भाग भरला, वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्याच्या मधोमध इंग्रजांच्या वेळचा क्लब, भिंतीच्या आत गवत आणि बाहेर झोपड्या. त्या भिंतीवरून दोन पोरं उडी मारतात. उदयनला राजकारण कुठून सुचलं हे लेखिकेला वेगळं सांगावं लागत नाही.

किनारा:

रात्रपाळी, खूप आभार, हे सगळं एका जागी मी कधी वाचलं नव्हतं. एकाला मारलं आणि एकाला जगवलं, हे माहीत नव्हतं, आता ते वाचल्यावर सुभाषकडे बघायची नजरच बदलली.

जुनी वही:

मी जरा वेगळा सूर लावते, राग मानू नका. मला हे पुस्तक थंड वाटलं. पहिला एक तृतीयांश भाग अप्रतिम आहे, ते तळं, जलपर्णी, पाण्यात लपलेला उदयन आणि गच्चीवरून बघणारी घरची माणसं, ते वाचताना माझे हात गार पडले होते. पण नंतर वर्षं कशी पळतात बघा. बेला लहान, बेला शाळेत, बेला कॉलेजात, बेला शेतांवर काम करत फिरतेय, एकदम चाळिशी. संवादांना अवतरण चिन्हं पण नाहीत, सगळं एकाच आवाजात, एकाच पट्टीत. माणसं रडत नाहीत, भांडत नाहीत, नुसती खिडकीतून समुद्र बघतात. पिढ्यांची कादंबरी म्हटलं की मला घर गजबजलेलं लागतं, आत्या मावश्या, सणवार, कुणीतरी कुणाचं काहीतरी उकरून काढतंय. इथे चार माणसं आणि चौघं चार खोल्यांत.

पैलतीर:

जुनी वही, तुम्ही जे थंड म्हणताय ना ते मी जगलोय म्हणून लिहितो. मी १९७० च्या दशकात शिकायला अमेरिकेला गेलो. तेव्हा परकीय चलन इतकं कमी मिळायचं की आमच्या वेळची मुलं ८ डॉलर घेऊन विमानात बसायची, ही काही रंगवून सांगायची गोष्ट नाही, तसंच होतं. फोन म्हणजे ऑपरेटरकडे बुक करायचा आणि लागला तर तीन मिनिटं ओरडून बोलायचं, त्यामुळे फोन फक्त कुणी गेलं तरच. बाकी सगळं एरोग्रामवर. निळा पातळ कागद, घडी घालून त्याचंच पाकीट, आणि तो पोचायला आणि उत्तर यायला मिळून महिना सहज जायचा. म्हणजे आईने मी आजारी आहे असं लिहिलेलं वाचेपर्यंत ती बरी झालेली असायची नाहीतर उलट. तुम्ही कायम महिनाभर जुन्या घरात राहत असायचा.

सुभाषला उदयनची पत्रं येतात तो भाग मी अनेकदा वाचला. उदयन लिहितो पत्र वाचून नष्ट कर. सुभाषला भावाचं खरं काय चाललंय ते पत्रातून कळत नाही, कळतं फक्त अक्षर. आणि गजबज नाही म्हणता, पण तेव्हा गजबज नव्हतीच हो. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्यांसाठी १९६५ चा नवा कायदा झाला आणि मग आपली माणसं तिकडे जायला लागली, तोवर राष्ट्रावर ठरलेला कोटा होता आणि भारताच्या वाट्याला तो नगण्य. त्यामुळे सुभाष जातो तेव्हा त्या छोट्या किनाऱ्यावरच्या गावात त्याच्यासारखं दिसणारं जवळपास कुणी नाही. सणवार कुणाबरोबर करणार. माझ्या पहिल्या दिवाळीला मी दिवसभर लॅबमध्ये होतो आणि संध्याकाळी लक्षात आलं की आज दिवाळी.

आणि समुद्र बघण्याबद्दल. सुभाषचा विषयच समुद्राचा आहे, तो भरती ओहोटीत चिखलात उतरून नमुने गोळा करतो. टॉलीगंजच्या पाणथळ जागेत वाढलेला पोरगा आयुष्यभर दुसऱ्या एका पाणथळ जागेवर काम करतो. मला ते थंड नाही वाटलं. त्याला येतं ते त्याने केलं.

जुनी वही:

पैलतीर, हे असं कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं लिहिलेलं वाचून त्या पानांकडे परत जाईन. वर्षं पळतात ही माझी तक्रार मात्र राहीलच, गौरी कॅलिफोर्नियात गेल्यानंतरची कितीतरी वर्षं दोनचार पानांत उरकली आहेत आणि तिथेच मला तिच्याजवळ जायचं होतं.

ओंजळ:

ते मात्र खरं आहे. तिथे मला पण अजून हवं होतं.

नदीकाठ:

आईबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? बिजोली.

पुस्तकाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे, अंगणात सिमेंट घातलंय, ओलं आहे, मुलांना सांगितलंय घराबाहेर पडायचं नाही. सुभाष ऐकतो. उदयन त्यावरून चालत जातो आणि पावलं उमटतात. ती कुणी बुजवत नाही, उलट कौतुकच. सुभाषला तेव्हाच वाटतं की मी ऐकलं म्हणून माझं काहीच राहिलं नाही इथे. मग उदयन गेल्यावर त्या पावलांवर बिजोली रोज पाणी घालते, पुसते, फुलं वाहते. तळ्याकाठी कॉम्रेड लोकांनी त्याच्या नावाचा दगड बसवलाय, लोक तिथे कचरा टाकतात आणि ही म्हातारी रोज जाऊन तो उचलते. शेजारी तिला वेडी समजत असणार.

मी तिच्यावर चिडले होते खूप. गौरीशी ती जे वागली त्यासाठी, आणि त्याहून सुभाषशी. तुझा एक मुलगा आहे अजून, जिवंत आहे, त्याला बघ ना. पण मग माझ्या आजीची आठवण झाली. तिचा एक मुलगा लहानपणी गेला होता, बाकीचे पाच होते, आणि वर्षाकाठी तिथीला ती कुणाशीही बोलायची नाही, पाचांपैकी कुणी काही विचारलं तर जणू ऐकूच यायचं नाही. बाकी वर्षभर तीच आजी आम्हाला अंगाखांद्यावर घेऊन फिरायची. बिजोलीचं बाकीचं वर्ष लेखिकेने दाखवलं नाही एवढंच.

एक गोष्ट मात्र तिने बरोबर ओळखली होती. ती सुभाषला सांगते की ही मुलगी आई होण्यातली नाही. तेव्हा आपण वाचक म्हणून म्हणतो किती दुष्ट. आणि पुढे तेच होतं. मला अजून ठरवता येत नाही की बिजोलीला दिसलं होतं की तिने गौरीला तसं करून टाकलं.

रात्रपाळी:

नदीकाठ, शेवटचं वाक्य वाचून थांबलोच.

पण गौरीच्या बाबतीत एक गोष्ट आपण सगळे टाळतोय, ती म्हणजे तो पोलीस. हे पुस्तकात खूप उशिरा कळतं. उदयनच्या सांगण्यावरून ती एका घरात शिकवणीला जाते आणि तिथून एका पोलिसाच्या येण्याजाण्याच्या वेळा बघून त्याला सांगते. नंतर त्या पोलिसाचा खून होतो. त्याला पण मुलगा आहे, तो त्याला शाळेतून आणायचा. गौरीला वेळ माहीत असते ती त्यामुळेच. उदयन आपल्या बायकोला वापरतो आणि सांगत नाही कशासाठी. म्हणजे घरात पहिलं खोटं उदयनने आणलं, सुभाषने नाही. ओंजळ म्हणते तिचा प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतला, त्यात मी उदयनला पहिला धरतो, सासू आणि सुभाष नंतरचे. ज्याला सगळे हुतात्मा म्हणून हार घालतात तो.

मी विद्यार्थी असताना डाव्या चळवळीत होतो, अजूनही मनाने तिकडचाच आहे, म्हणून हे मला जड जातं. जमिनीचा प्रश्न खरा होता. २५ मेचा गोळीबार खरा होता. आणि शाळेतून पोराला घेऊन येणारा शिपाई पण खरा होता. लाहिरीने यातलं काही एकमेकांवर झाकण म्हणून वापरलेलं नाही, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

ओंजळ:

रात्रपाळी, मी हे टाळत होते हे कबूल करते. ते प्रकरण वाचल्यावर मी गौरीकडे परत गेले आणि मला वाटलं की ती बेलाला सोडून गेली त्यात हे पण आहे. एका मुलाचा बाप आपल्यामुळे गेला हे जिला माहीत आहे, तिला आपलं मूल कुशीत घेता येत नसेल. पण मी हे जोडतेय, पुस्तकात असं सरळ लिहिलेलं नाहीये.

पैलतीर:

सरळ लिहिलेलं नाही पण मला पटतंय.

किनारा:

मी सकाळपासून सगळ्यांचं वाचतेय. शेवटच्या प्रकरणाबद्दल मला एक विचारायचं होतं. इतका काळ उलटल्यावर, बेलाची मुलगी मेघना जन्मून मोठी होतेय, सुभाष म्हातारपणी परत लग्न करतो, गौरी परत कलकत्त्याला जाऊन येते, ती पाणथळ जागा बुजवून तिथे घरं झालीत, सगळं संपलं असं वाटतं आणि मग शेवटचं प्रकरण उदयनचं. त्याच्या डोळ्यांतून, पाण्यात लपलेला असतानाचं, गोळी लागेपर्यंत. आणि अगदी शेवटी त्याच्या मनात गौरी, सिनेमागृहाबाहेर त्याची वाट बघत उभी असलेली.

पहिल्या वाचनात मला हे फार सुंदर वाटलं होतं. आता मला राग आला. चारशेच्या आसपास पानं सुभाषने ओढली, मूल वाढवलं, आईबाप गेले, आणि शेवटचा शब्द परत उदयनलाच? घरात जसं होतं तसंच पुस्तकात पण? मग वाटलं की कदाचित लेखिकेने मुद्दामच तसं ठेवलंय, गेलेला भाऊच शेवटपर्यंत सगळ्या घराला पुरतो, आणि मला राग यावा हेच तिला हवं असेल. तुम्हाला काय वाटतं?

नदीकाठ:

मला राग नाही आला. त्या प्रकरणात उदयनला पहिल्यांदा भीती वाटते. बॉम्ब करताना त्याचा हात निकामी झालाय, कान धड नाहीत, आणि त्याला आतून कळलंय की काही होणार नाही आपल्याने. तोवर तो कायम दुसऱ्यांच्या आठवणीत होता म्हणून इतका मोठा दिसत होता. तिथे तो पंचविशीतला पोरगा दिसतो.

जुनी वही:

+१ नदीकाठ. आणि ते प्रकरण थंड नाही, हे मी पण म्हणते.

वळणवाट:

बरेच दिवस वाचनमात्र आहे, या धाग्यावर राहवलं नाही म्हणून लिहितोय. किनारा यांचा मूळ प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला, सुभाषने बेलाला सांगितलं नाही ते पटलं का.

आमची मुलगी दत्तक आहे. आम्ही तिला साडेतीन चार वर्षांची असल्यापासून गोष्टीसारखं सांगत आलो, तेव्हा ज्या बाईंनी समुपदेशन केलं त्यांनी एकच सांगितलं होतं की मुलाला ही बातमी म्हणून कळता कामा नये, कधी कळलं ते आठवूच नये इतक्या लहानपणापासून माहीत असावं. आम्ही ते पाळलं. त्यामुळे मी हे पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा सुभाषचा मला भयंकर राग आला होता. बारा वर्षांच्या मुलीला आई सोडून गेली आहे, ती मिटून गेलीये, शाळेत समुपदेशकाकडे जातेय, आणि हा माणूस अजून गप्प.

पण मग मला माझ्यातली एक गोष्ट आठवली जी मी कुणाला सांगितली नव्हती. आम्ही सांगत आलो खरे, पण दरवेळी सांगण्याच्या आदल्या रात्री मला झोप लागायची नाही. ती सहा वर्षांची असताना एकदा म्हणाली, मग माझे खरे बाबा कुठे असतील. मी काहीतरी उत्तर दिलं, नीट दिलं बहुतेक, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मला एवढं आधार द्यायला बायको होती, समुपदेशक होत्या, दत्तक घेणाऱ्या पालकांचा गट होता. सुभाषला कोण होतं? सांगायचं तर गौरीबरोबर मिळून सांगायचं होतं आणि ती तर निघून गेली. शिवाय त्याला सांगायचं होतं ते नुसतं मी तुझा बाप नाही एवढंच नव्हतं. तुझा बाप कसा मेला, का मेला, तुझी आई का अशी आहे, हे सगळं एका दमात. आणि ते सांगितल्यावर ही पण उदयनची होणार, जसं घरातलं सगळंच उदयनचं होतं. इतकी वर्षं तो घाबरला ते यालाच.

म्हणून पटलं नाही, चूकच आहे ती, आणि बेलाला त्याची किंमत मोजावी लागली. पण तो शेवटी सांगतो तो प्रसंग बघा, ती पोटुशी परत आलीये, मुलाला बाप नाही म्हणते, लपवणार पण नाहीये काही. तिचं न लपवणं बघून त्याला धीर येतो. ती रागाने निघून जाते आणि मग काही काळाने तिचं तिलाच कळतं की या माणसाला हे करायची काहीही गरज नव्हती आणि तरी त्याने केलं. मी तिथे थांबलो आणि बायकोला उठवून ते पान वाचून दाखवलं, रात्रीचे दोन वाजले होते.

मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, पुस्तक माझ्या टेबलावरून तिने स्वतःच उचललं, मी दिलं नाही. गेले चार दिवस वाचतेय. काल जेवताना एवढंच म्हणाली की ती गौरी पत्र ठेवून गेली बाबा. मी हो म्हटलं. त्याच्या पुढचं अजून तिचं वाचून व्हायचंय.